अंड्याचा रस्सा : एक विचार

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत नागली, म्हणजे नाचणी, हे जुने पीक असून तिच्या भाकरीसोबत वाढला जाणारा अंड्याचा रस्सा हा साधा दिसला, तरी त्यामागे बराच विचार असतो. घरची गावठी कोंबडी अंडी देते, तेव्हा ती खायची, बाजारात विकायची की खुडूक कोंबडीखाली, म्हणजे उबवणीला बसलेल्या कोंबडीखाली, ठेवायची, हा निर्णय घरातील बाईला घ्यावा लागतो आणि म्हणूनच अंडे हे अन्नाइतकेच बचतीचेही साधन ठरते.

पाककृतीचे मर्म उष्णतेच्या मोजमापात आहे. अंड्यातील प्रथिने साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसदरम्यान गोठू लागतात. मात्र अंडे फार वेळ उकळल्यास पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट कडे येते, म्हणून दहा-बारा मिनिटांनी ते गार पाण्यात सोडणे इष्ट. कांदा, सुके खोबरे आणि लसूण भाजून केलेले वाटण तेल सुटेपर्यंत परतले की कच्चेपणा जातो, आणि अंड्यांना चिरा दिल्यास रस्सा आत मुरतो.

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. शासनाच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांच्या आहारात अंड्याला स्थान दिले ते याच कारणाने. परंतु पोषणाचा प्रश्न अखेरीस घरच्या पातेल्यातील अंडी कोणाच्या ताटात पडतात, यावरच ठरतो.