ही भिंत किती मिनिटांची?

पतसंस्थेची शाखा असो की सराफाची पेढी, मालक मला आधी स्ट्राँगरूमचा दरवाजाच दाखवतात. पोलाद किती जाड, कुलूप कुठल्या कंपनीचं. मी विचारतो, "शेजारचा गाळा कोणाकडे आहे?" प्रश्न आगाऊ वाटतो खरा. पण २०१७ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत, जुईनगरच्या बँकेत, चोर दरवाजाच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, काही महिने दुकान चालवलं आणि भुयार खणून ते लॉकरच्या खोलीत निघाले. सोमवारी पाहतात तो तीसेक लॉकर फुटलेले.

सुरक्षा तपासण्याच्या आमच्या कामात आधी चोर ठरवावा लागतो. भुरटा की टोळी? हातात पहार की काँक्रीट कापणारं ड्रिल? आतलं कोणी फितूर? मग त्याच्या जागी उभं राहून तिजोरीकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा कागदावर काढायच्या, अगदी सफाईवाल्याच्या किल्लीचीसुद्धा, आणि दर अडथळ्यापुढे मिनिटं लिहायची. मेख आहे ती इथे. चोराची चाहूल लागण्याआधी गेलेली मिनिटं हिशेबात धरत नाहीत. भिंत फोडायला तीन तास लागत असतील, पण पहिला सेन्सर तिच्या आतल्या बाजूला असेल, तर ती भिंत शून्य मिनिटांची.

लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये, २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत, चाहूल लागली होती. साठी-सत्तरीतले चोर लिफ्टच्या पोकळीतून तळघरात उतरले, अलार्म वाजला. रखवालदार आला, बाहेरूनच डोकावून गेला. पोलीस फिरकलेच नाहीत. अर्ध्या मीटरच्या काँक्रीटला भोकं पडली, पण पलीकडचं लॉकरचं कपाट हलेना. मंडळी हात हलवत परतली आणि शनिवारी रात्री नवा जॅक घेऊन पुन्हा हजर! भिंतीनं आणि कपाटानं मिळून दीड दिवस मिळवून दिला होता. त्या भिंतीला मी तरी नावं ठेवणार नाही; कमी पडले ते धावून येणारे.

म्हणून मालकाला सांगून, पण रखवालदाराला न सांगता, मी रविवारी पहाटे सायरन वाजवतो आणि घड्याळ लावतो. ही चाचणी कोणालाच आवडत नाही. समजा, माणूस पोहोचायला वीस मिनिटं लागली. तर पहिल्या इशाऱ्यानंतरचे अडथळे त्याहून जास्त वेळ टिकायला हवेत. पुष्कळदा कंपनं टिपणारे सेन्सर शेजारच्या भिंतीला आणि फरशीला बसवले की काम भागतं. दरवाजा तोच राहतो. दरवाजे विकणारे त्यामुळे माझ्यावर जरा नाराजच असतात.