श्टुटगार्टहून सातारा किती लांब?

जर्मनीतलं श्टुटगार्ट हे शहर एका खोलगट वाडग्यात वसलं आहे. तीन बाजूंनी टेकड्या, त्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे, आणि टेकडीवरच्या घरांकडे जाणारे दगडी जिने. असे चारशेहून अधिक जिने या गावात आहेत. तिथले लोक त्यांना लाडाने ‘श्टेफेले’ म्हणतात. भाजीची पिशवी घेऊन तो जिना चढताना मला साताऱ्याचा अजिंक्यतारा आठवायचा. तशी आपली आणि श्टुटगार्टची ओळख जुनीच आहे. 1968 सालापासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी-शहरं आहेत. शिवाय मोटारींच्या कारखान्यांमुळे पुणे-श्टुटगार्ट अशी इंजिनियर मंडळींची ये-जा बाराही महिने चालूच असते.

ह्यांना कंपनीने दहा महिन्यांसाठी तिकडे पाठवलं आणि पाठोपाठ मीही गेले. मागे साताऱ्याला सासूबाई एकट्या आणि माझ्या इंग्रजीच्या शिकवणीच्या दहावीच्या आठ मुली. ऐन बोर्डाच्या वर्षात त्यांना सोडणं जिवावर आलं होतं. तेव्हा मोबाइलवरून शिकवायचं ठरलं. मैत्रिणी म्हणाल्या, “जर्मनीत काय, इंटरनेट नळासारखं वाहत असेल!” पण नळाला पाणी असलं तरी आधी नळजोडणी लागते ना? तसंच ते आहे.

आम्ही पोहोचलो शनिवारी रात्री. दुसरा दिवस रविवार, आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या, पेट्रोलपंप आणि मोठ्या स्टेशनातली थोडीफार दुकानं सोडली तर बाजार शांत! आम्हाला हे आधी कळलं होतं म्हणून पुण्याहूनच चार दिवसांचं ई-सिम घेऊन निघालो होतो. ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घेतलेला नंबर. तुमच्या फोनला ते चालतं की नाही, हे मात्र घरीच बघून घ्यावं. सोमवारी वाणसामानाच्या दुकानातूनच जर्मन सिम आणलं. 2017 च्या जुलैपासून तिथे ओळख पटवल्याशिवाय सिम चालू होत नाही. त्यासाठी पासपोर्ट आणि तिथला पत्ता दोन्ही हाताशी ठेवावं लागतं.

घरातली जोडणी ही दुसरी परीक्षा. अर्ज केल्यावर माणूस यायला आठवडे लागू शकतात, आणि तो येतो ती वेळही ‘सकाळी आठ ते दुपारी बारा’ अशी ऐसपैस असते. त्याहून गंमत म्हणजे तिथे फ्लॅटला नंबर नसतो. खाली दाराशी घंटांची रांग आणि प्रत्येक घंटेवर आडनाव. तुमचं आडनाव नसेल तर आलेला माणूस तसाच परत जातो, पत्रंही परत जातात. म्हणून मैत्रिणींनो, नव्या घरात दूध उतू घालण्याआधी घंटेवर आपलं नाव लावा! कराराची मुदतही नीट वाचावी. दोन-दोन वर्षांचे करार असतात. पहिली मुदत संपल्यावर महिन्याच्या सूचनेने ते सोडता येतात, पण मुदतीआधी सहसा नाही. दहा महिन्यांच्या बिऱ्हाडाला महिन्या-महिन्याचाच करार बरा.

तोवर माझे वर्ग फोनच्या डेटावर चालले. चित्रासकट बोललं तर तासाला एक जीबी सहज जातो, कधी जास्तही. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं एकमेकींची तोंडं बघायची आणि मग सर्वांनी कॅमेरे बंद करायचे, असा नियम केला. वह्यांचे फोटो उघडायला मी गावातल्या मोठ्या वाचनालयात जाई. 2011 साली उघडलेली ही इमारत म्हणजे एक पांढराशुभ्र चौकोनी ठोकळा. आराखडा कोरियात जन्मलेल्या उन यंग यी यांचा. चार भिंतींवर जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन अशा चार भाषांत ‘ग्रंथालय’ असं लिहिलेलं. आत सगळं पांढरं, रंग फक्त पुस्तकांचे आणि माणसांचे. आत जायला पैसे नाहीत आणि वायफायही फुकट. पण तिथे शिकवता यायचं नाही, कारण बोलायचं नाही! तेव्हा वाचनालयात तपासायचं आणि घरी येऊन शिकवायचं, अशी वाटणी झाली. बँकेचं काम मात्र अशा सार्वजनिक वायफायवर कधी करू नये.

बँकेवरून आठवलं. बँकेचा ओटीपी येतो तो आपल्या भारतातल्या नंबरावर. ते सिम ‘आता काय उपयोग’ म्हणून काढून टाकलं तर पैसे असून अडकून पडायची पाळी. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावं, पण त्याचा डेटा बंद ठेवावा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. फुकटात सिनेमे उतरवून घ्यायची सवय तिथे महागात पडते. ज्याच्या नावाने जोडणी त्याच्या घरी वकिलाची नोटीस येते आणि मागणी शेकडो युरोंची असते. दुसरी गोष्ट सीमेची. युरोपीय संघातल्या देशांत 2017 पासून आपलं जर्मन सिम घरच्याच दरात चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. श्टुटगार्टहून ऱ्हाइनचा धबधबा बघायला जाणारी मंडळी गाडीत बसल्या बसल्या स्वित्झर्लंडमध्ये शिरतात आणि फोन मुकाट्याने तिथलं नेटवर्क पकडतो. सीमेआधीच रोमिंगचा डेटा बंद केलेला बरा.

घड्याळाचंही एक तंत्र आहे. उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात. साताऱ्याच्या मुलींचे सहा हे सहाच राहतात. माझा वर्ग मात्र अडीचचा दीडला येई आणि जेवणाची वेळ हलवावी लागे. शिकवायची परवानगी माझ्या व्हिशावर होती. नुसत्या भेटीच्या व्हिशावर जाणाऱ्यांनी मोबदल्याचं काम चालेल असं गृहीत धरू नये, आधी विचारावं.

एवढं सगळं जुळलं तरी फोन लागत नाही अशा जागा उरतातच. श्टुटगार्टच्या टेकडीवर 1956 सालचा दूरदर्शनचा मनोरा आहे, 217 मीटर उंच. काँक्रीटचा असा मनोरा जगात पहिल्यांदा इथेच उभा राहिला. तरी तासा-दोन तासांवरच्या ब्लॅक फॉरेस्टच्या दरीत शिरलं की मोबाइल मुका! तिथल्या लोकांनी त्याला शब्दही काढला आहे, ‘फुंकलॉख’, म्हणजे लहरींमधलं भोक.

पहिल्या दिवसांत सासूबाई दिवसभर फोन हातात घेऊन बसत. माझ्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसलं नाही की त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. औषधाची वेळही टळायची. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, की रोज रात्री आठला, त्यांची औषधं घ्यायच्या वेळी फोन करायचा. डोंगरात जाणार असू तर “उद्या फोन लागणार नाही, परवा आठला करते” असं आदल्या दिवशी सांगायचं. आणि खरंच अडचण आली तर त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारायची, आम्हाला नव्हे. सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरून मी धावत कुठे येणार? काकूंकडे एक किल्ली ठेवली आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला.

ब्लॅक फॉरेस्टला गेलो त्या दिवशी माझा फोन सकाळपासून बंद होता. परत आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, “झोपले की शांत! तू सांगितलं होतंस ना.”

संपर्क म्हणजे चोवीस तास चालू असलेला फोन नव्हे, ठरल्या वेळी हमखास येणारा फोन, हे मला तिथे उमगलं. मुलींनाही तेच लागू पडलं. अधूनमधून आवाज तुटायचा, पण तास चुकला नाही आणि आठहीजणी परीक्षेला नीट बसल्या. सासूबाई तर शेजारी सांगत असत, “आमची सूनबाई रोज आठला येऊन जाते.”