खैराचा गाभा

पेण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. अनघा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, रोह्याच्या आश्रमशाळेमागील उतारावरच्या ज्या काटेरी झाडाविषयी मागील पत्रात विचारणा होती, ते बाभूळ नसून खैर होय. बाभळीचे काटे सरळ, पांढरट व सुईसारखे असतात. खैराचे आखूड, मांजरीच्या नखीसारखे वाकडे आणि पानाच्या देठाशी जोडीने येतात, त्यामुळे अडकलेली ओढणी पुढे ओढून सुटत नाही, मागे सरकूनच सोडवावी लागते.

वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पेण-रोह्यात उष्ण, कोरड्या प्रदेशाचे हे झाड कसे, ही शंका रास्त आहे. परंतु तो पाऊस चार महिन्यांत आटोपतो, मुरमाड उतारांवरून वाहून खाडीला मिळतो आणि पुढे तीच जमीन देशावरच्या माळासारखी तापते, म्हणून पाने गाळून उन्हाळा काढणाऱ्या खैराला ती मानवते.

झाडाचे मोल गाभ्यात. बाहेरचे फिकट लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, तासून टाकावे, आतल्या तांबूस गाभ्याच्या कपच्या मडक्यांत तासन्‌तास उकळाव्यात, ते पाणी गाळून पुन्हा आटवावे आणि थिजू द्यावे, म्हणजे कात होतो. त्यातील कॅटेचिन या द्रव्याला नाव मिळाले ते काताच्याच 'कॅटेच्यू' या युरोपीय नावावरून. चहाच्या खोक्यावर त्याची थोरवी वाचणाऱ्याला खैर आठवत नाही, हे चालायचेच.

कात करणारे ते कातकरी. धंद्यावरून जमातीचे नाव पडले, पण 1878च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, खैराला कुऱ्हाड लावणे हा गुन्हा ठरू लागला आणि ज्यांच्या नावातच कात होता त्यांना कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर, अंगावर उचल घेऊन, दिवाळीनंतर वाड्या ओस टाकून जावे लागले. कोलाम व माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांत आज कातकऱ्यांची गणना होते. जंगल राखणाऱ्या कायद्याने जंगल जाणणाराच बाहेर काढला, एवढे तरी त्या नोंदीशेजारी लिहिले जावयास हवे होते.

कुंपणाला खैर लावावयाचा असल्यास चपट्या शेंगा तपकिरी होताच उतरवून घ्याव्यात; झाडावर राहिल्यास बी किडते.

कळावे,
काकांचे आशीर्वाद