‘माहीत नाही’ म्हणायची हिंमत

‘कळलं ना तुला?’ या प्रश्नावर तुम्ही काय उत्तर देता? मी बिनधास्त ‘हो’ म्हणते. मास कॉमपासूनची सवय आहे. फ्रीलान्सरने ‘नाही’ म्हटलं तर काम दुसऱ्याला जाणार, इतका साधा हिशोब! त्या आठवड्यात मात्र जाम फसले. एका स्टोरीबद्दल संपादकांनी विचारलं, ‘हे तुला नीट समजलंय का?’ मी ठोकून दिलं, ‘हो सर!’ खरं तर अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं होतं.

दादाचंही तेच. मगरपट्ट्यातल्या ऑफिसात सोमवारच्या क्लाएंट कॉलवर त्याचं एकच पालुपद, ‘नो इश्यूज.’ घरी आला की इश्यूजच इश्यूज! एमसीएनंतर त्याला पीएचडी करायची होती. बाबा रिटायर झाले, हडपसरच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झाला आणि तो विषय संपला.

त्या शुक्रवारी त्याने हाफ डे टाकला. म्हणाला, ‘चल, युनिव्हर्सिटीत जाऊ. आमच्या डिपार्टमेंटला गेस्ट लेक्चर आहे.’

‘मला काय कळणार त्यातलं?’

‘अगं, नंतर चहा-बिस्किटं असतात.’

बाइकवरून अख्खं पुणं ओलांडून गणेशखिंडीला, पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात पोचलो. तीसेक पोरं, फळा, प्रोजेक्टर आणि बाहेरगावाहून आलेल्या प्रोफेसर मॅडम. मी अर्थातच शेवटच्या बाकावर.

‘सगळ्यात लांबून कोण आलंय?’ मॅडमनी विचारलं. दादा म्हणाला, ‘हडपसर.’ झालं, फळ्यावर आमचं हडपसर अवतरलं! गाडीतळ, मगरपट्टा, अमानोरा, फुरसुंगी, मांजरी... डिलिव्हरी बॉयला अशा दहा ठिकाणी पार्सलं द्यायचीत. कुठे आधी, कुठे नंतर? दहाच ठिकाणं, पण क्रम होतात ३६,२८,८००! कुणी रस्ता आखून दिला, तर तो तीस किलोमीटरच्या आत बसतो का, हे मिनिटात तपासता येतं. पण तसा रस्ता आपण शोधायचा तर? ठिकाणं कितीही वाढली तरी दर वेळी झटपट अचूक उत्तर देईल अशी रीत अजून कुणालाच सापडलेली नाही. मग जे झटकन तपासता येतं, ते झटकन शोधताही येतं का? स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये हा प्रश्न मांडला. २००० साली अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणी नेलेलं नाही.

आपल्या ऑफिसातल्या प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड ‘थँक यू’ची असते, हो ना? मॅडमच्या शेवटच्या स्लाइडवर होती न सुटलेल्या प्रश्नांची यादी! एका मुलीने विचारलं, ‘यातलं कधी काही सुटेल?’

‘माहीत नाही,’ मॅडम हसून म्हणाल्या. इतकं सहज! मग त्यांनी २००२ सालची गोष्ट सांगितली. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि झटपट ठरवण्याची रीत तोवर कुणालाच माहीत नव्हती. ती आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. त्यातले कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकते बी.टेक. झाले होते.

तेवढ्यात दादाचा हात वर. ‘मॅडम, तिसऱ्या स्लाइडनंतरचं मला काहीच कळलं नाही.’

मी चाट! मॅडम पुन्हा फळ्याकडे वळल्या आणि बघता बघता आणखी पाच हात वर झाले. म्हणजे इतका वेळ सगळेच माना डोलवत होते तर!

परतताना मगरपट्ट्याच्या सिग्नलला अडकलो. मी हळूच विचारलं, ‘पीएचडी करशील का रे आता?’

‘माहीत नाही,’ तो म्हणाला. एरवी अशा वेळी तो हप्त्याचा आकडा सांगतो. आज नाही सांगितला.

घरी पोचल्यावर मी संपादकांना फोन लावला. ‘सर, ती स्टोरी मला नीट कळलेली नाही.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, ‘मलाही. दोन दिवस घे.’