वाळलेली बोंडं

शिकागोजवळ मुलाकडे गेले की पहिले आठ दिवस झोपेचं गणित जुळवण्यात जातात. नंतर मी बागेत घुसते.

२०२३च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मागच्या अंगणात एकिनेशियाचा ताटवा होता. हे झाड मूळचं तिकडचंच. उन्हाळ्यात जांभळट गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या आणि मध्ये केशरी-तपकिरी काटेरी गोंडा. नावही ग्रीक भाषेतल्या एका काटेरी प्राण्यावरून पडलंय. पण मी गेले तेव्हा उरली होती नुसती काळी, वाळलेली बोंडं.

आयुष्यभर मुलांना टापटीप शिकवलेली मी! मला ते बघवेना. एका दुपारी घरात कुणी नसताना कात्री घेतली, सगळं छाटलं आणि दोन कागदी पिशव्या भरल्या. शाबासकीची वाट बघत बसले.

सूनबाई आली, खिडकीतून बघितलं, "छान झालं, आई" एवढंच म्हणाली आणि आत गेली. नात मात्र म्हणाली, "आजी, आता गोल्डफिंच काय खाणार?"

मग कळलं. त्या बोंडांतलं बी टिपायला हे चिमुकले पक्षी येतात, म्हणून ती मुद्दाम राखलेली. सूनबाईनेच बियांपासून ती झाडं वाढवली होती. पहिल्या वर्षी नुसती पानं, फुलं दुसऱ्या वर्षी. ऊन भरपूर, पण मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. एवढं सगळं तिला ठाऊक, आणि मला साधं विचारायचंही सुचलं नाही.

रात्री जेवताना म्हटलं, "चुकलं माझं." वर्गात मुलांकडून हे शब्द शेकडो वेळा वदवून घेतले, स्वतः किती वेळा म्हटले असतील?

"मुळं जिवंत आहेत, आई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी पिशव्या उपसल्या आणि जुड्या करून सुतळीने कुंपणाला बांधल्या. तीन-चार दिवसांनी पहिला पक्षी आला. उन्हाळ्यात म्हणे पिवळाधमक असतो. हा मळकट होता. बोंडाला लटकून तो बी टिपत राहिला. थोडं बी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टाकलं. ते रुजायला थंडी लागते, ते काम बर्फाने केलं.

२०२५च्या जुलैत पुण्यात फोटो आला. खिडकीखाली फुलं, आणि खाली ओळ, "आई, ही तुमची."

मी उत्तर पाठवलं, "ऑक्टोबरात येतेय. कात्री लपवून ठेव."