पाचवा थर

नाताळ जवळ आला की सेमिनरीत माझ्या नावाने एक पत्र्याचा डबा येऊन पोहोचे. त्यात आईच्या हातचे बिबिंक असे. मित्रांसमवेत ते दोन दिवसांत फस्त करायचे आणि रिकामा डबा सुट्टीत परत न्यायचा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. ते कसे करतात, हे मी आईला कधी विचारले नाही. आई गेली आणि आमच्या घरातले बिबिंक तिच्याबरोबर गेले.

ही जुनी खंत गतवर्षी नाताळापूर्वी पुन्हा जागी झाली. दक्षिण कोकणातील आमच्या धर्मग्रामात मुलांसाठी पाककलेची स्पर्धा ठेवली होती. अट एकच होती: पदार्थ घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकलेला असावा. १२ वर्षांच्या एका मुलीने बिबिंकासाठी नाव दिले. तिच्या आजी लग्न होऊन बार्देशातून इकडे आल्या, तेव्हा ही कृती त्यांच्याबरोबर आली. आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांना घरी ख्रिस्तप्रसाद देण्यास जातो.

डिसेंबरच्या शुक्रवारी गेलो, तेव्हा मागच्या पडवीत शिकवणी चालली होती. खाली मंद आच, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे. मुलीने वहीत माप लिहून घेतले होते: १० अंड्यांचे बलक, २ नारळांचा घट्ट रस, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, थोडे जायफळ. तुपापुढची जागा मात्र कोरी होती. ते माप हाताला कळते, असे आजींचे म्हणणे.

गोव्याच्या बिबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मठात कपड्यांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग लागे आणि उरलेल्या बलकांतून हा पदार्थ जन्मला, अशी एक आख्यायिकाही आहे. आजींना ना मानांकन ठाऊक, ना आख्यायिका. त्या खुर्चीत बसून फक्त वास घेत होत्या. खालचा थर तांबूस झाल्याखेरीज वरचा ओतायचा नाही आणि प्रत्येक थरावर आधी तूप सोडायचे, हा नियम. पहिल्या खेपेस मुलीने घाई केली, तेव्हा दोन थर एकमेकांत मिसळून गेले. आजींनी सारे पुन्हा करायला लावले. सात थरांना अख्खी दुपार लागली.

स्पर्धेत तिघा परीक्षकांपैकी मी एक होतो. तिचे बिबिंक कापले तेव्हा सहा थर सुरेख उमटले होते, पाचवा काळा पडला होता. तिला बक्षीस मिळाले नाही. नंतर मी तिला बाजूस घेऊन विचारले. पाचव्या थराच्या वेळी आजीला खोकल्याची उबळ आली, म्हणून ती पाणी द्यायला धावली आणि आजीची पाठ चोळत बसली. निखाऱ्यांचा तिला विसर पडला. "आजीला सांगू नका, फादर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आजींच्या हाती एक पातळ काप होता. त्यांनी तो सावकाश चघळला आणि म्हणाल्या, "पाचवा करपला. का गं?"

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. दुसऱ्यांची गुपिते जपणे हे माझे कर्तव्यच आहे. तरी त्या दिवशी मला गप्प बसवले नाही. घडले ते मी सांगून टाकले.

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आपल्या कोकणीत म्हणाल्या, "मागीर तो थर म्हजो." मग तो थर माझा. आणि उरलेला काप त्यांनी करपलेल्या भागासकट संपवला.

मी मुलीकडून वही मागून घेतली आणि सारी कृती उतरून घेऊ लागलो. तुपापाशी येऊन हात थांबला. तुपाचे माप काय लिहू, असे विचारताच आजी म्हणाल्या, "ते लिहून मिळायचे नाही, फादर. चुलीपाशी यावे लागेल."

येत्या नाताळापूर्वी मी जाणार आहे.