शेवटच्या स्टेशनचे गाव

जागा घ्यायची तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती पाहून यावी, ही आपल्याकडची रीत. चिपळुणात आम्ही दोघांनी नातेवाइकांसाठी अशा कितीतरी जागा पाहिल्या. विहिरीला मे महिन्यात पाणी राहते का, पुरात वाशिष्ठी कुठवर येते, मशीद किती लांब, शेजारी कोण, एवढे विचारले की काम भागते. गेल्या ऑक्टोबरात हीच पाळी इंग्लंडमध्ये आली, तेव्हा मात्र काय विचारावे हेच आम्हाला कळेना.

आमची लेक आणि जावई लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये राहतात. घर चांगले, पण लहान. आठ वर्षांचा नातू, चार वर्षांची नात आणि त्यात आम्ही पाहुणे. रात्री बिछाने घातले की स्वयंपाकघरात जायला वाट उरत नसे. असे घर त्यांचे एकट्याचे नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधले ३२.७ टक्के मुसलमान गरजेपेक्षा कमी खोल्यांच्या घरात राहतात. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ८.४ टक्के आहे. म्हणून जावयाने गावाबाहेरचे घर बघायला सुरुवात केली होती आणि त्याचे बोट नकाशावर जिथे थांबले होते, ते गाव म्हणजे चेशम.

"अब्बा, गाव बघायच्या आधी आकडे बघा," असे म्हणून लेकीने फोन पुढे केला. त्या देशात जनगणनेचे आकडे कुणालाही फुकट बघता येतात आणि तेही अगदी बारीक करून. गावाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात चाळीस ते अडीचशे घरे. त्या तुकड्यात म्हातारे किती, मुले किती, घरे मालकीची किती नि भाड्याची किती, कुणाकडे मोटार नाही, कोण कोणत्या धर्माचे, सारे मांडलेले. माणसाचे नाव मात्र कुठेही नाही. धर्माचा प्रश्न २००१ पासून विचारतात आणि तो ऐच्छिक असतो. उत्तर नाही दिले तरी चालते. तरीही २०२१ मध्ये ९४ टक्के लोकांनी ते दिले. आपल्याकडे २०२१ ची गणना पुढे ढकलली गेली आणि तिच्यावरून किती घरांत धास्तीच्या गोष्टी झाल्या, ते वाचकांना सांगायला नको. लेक मात्र त्या आकड्यांकडे आपण पावसाच्या अंदाजाकडे बघतो तसे बघत होती.

तिची काळजी साधी होती. हॅरोमध्ये दर चार माणसांमागे एक हिंदू आणि सहा-सात माणसांमागे एक मुसलमान. कोथिंबिरीपासून हलाल मटणापर्यंत सारे पायाखाली. चेशम म्हणजे गोऱ्यांची मोठी बहुसंख्या आणि तिच्या खालोखाल पाकिस्तानी वंशाची वस्ती. "आपण तिथे ना यांच्यातले, ना त्यांच्यातले," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी आम्ही सहाजण मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बसलो. हॅरोहून चाळीसेक मिनिटांचा प्रवास. रिकमन्सवर्थनंतर घरे विरळ होतात आणि चॅलफंट अँड लॅटिमरच्या पुढे तर एकेरी रूळ सुरू होतो. दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच कुरण. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या साऱ्या जाळ्यात लागोपाठच्या दोन स्टेशनांमधले सर्वांत लांब अंतर हेच, सहा किलोमीटरच्या वर. भुयारी नाव असलेल्या गाडीतून शेते बघताना नातवाला मोठी गंमत वाटत होती. चेशमला रूळ संपतो. मध्य लंडनपासून सर्वांत दूरचे स्टेशन ते हेच.

हे स्टेशन ८ जुलै १८८९ रोजी सुरू झाले. रेल्वे गावाच्या ऐन मध्यात यावी म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढून जमीन विकत घेतली आणि कंपनीला बक्षीस दिली. त्याच १८८९ साली तिकडे सरे परगण्यात वोकिंग येथे शाहजहान मशीद उभी राहिली. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ती पहिली इमारत आणि तिचे नाव भोपाळच्या शाहजहान बेगमांचे, कारण पैसा त्यांनी दिला होता. चेशमचा त्या मशिदीशी काही संबंध नाही. पण एकाच वर्षी एका गावात रेल्वे आणि दुसऱ्यात अजान आली, हे आमच्या डोक्यात दिवसभर राहिले.

२०११ च्या गणनेत चेशमची लोकसंख्या २१,४८३ होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला मोठे खेडे म्हणू, तिथे मात्र ते 'मार्केट टाउन', म्हणजे बाजारपेठेचे गाव. आठवड्याचा बाजार भरवण्याची सनद त्याला १२५७ साली मिळाली आणि बाजार अजून भरतो. पाव, चीज, फुलझाडे, भाजी, स्वस्त मोजे. फुटकळ आवाज, घाई नाही. बाजारचौकात घड्याळाचा मनोरा आहे. तो जुना वाटतो, पण १९९२ चा आहे. मूळ टाउन हॉल १९६५ मध्ये पाडून टाकला आणि नंतर हळहळ वाटली म्हणून हा उभारला, असे दिसते. पाडून हळहळण्याचा रोग आपल्याकडेच आहे असे आम्हाला वाटे.

गावाची जुनी ओळख 'चार ब'ची : बूट, बीअर, ब्रश आणि बॅप्टिस्ट. गंमत म्हणजे इंग्रजीतही चारही शब्द त्याच अक्षराने सुरू होतात. भोवतालच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीच नावाच्या झाडांची राने आहेत. त्या लाकडापासून फावडी, चमचे, ब्रशच्या मुठी बनत. चामड्याचे बूट होत. चेस नदीच्या स्वच्छ पाण्यात वॉटरक्रेस नावाची भाजी पिकवून ती लंडनला जाई. बीअरची भट्टी केव्हाच बंद पडली, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. चौथा 'ब' मात्र थांबून पाहण्यासारखा आहे.

सेंट मेरी चर्चच्या आवारात टॉमस हार्डिंग नावाच्या माणसाचे स्मारक आहे. इंग्रजीतून धर्मग्रंथ वाचायचा नाही, असा त्या काळी चर्चचा दंडक होता. ग्रंथ लॅटिनमध्येच हवा. हा म्हातारा रानात बसून इंग्रजी प्रार्थनापुस्तक वाचताना सापडला. घराची झडती घेतली तर जमिनीच्या फळ्यांखाली इंग्रजी बायबलचे भाग निघाले. १५३२ साली गावाबाहेर त्याला जाळले. पुढे सहाच वर्षांनी, १५३८ मध्ये, राजाच्याच हुकुमाने प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायचे ठरले. चर्चपासून वेगळे होऊन आपल्या समजुतीने धर्म पाळणाऱ्यांची परंपरा या गावात मुरली ती त्या काळापासून. आम्ही त्या स्मारकापुढे बराच वेळ उभे होतो. आमच्या घरी कुरआनचा मराठी तर्जुमा कपाटात वरच्या खणात, रेशमी कापडात असतो आणि फजरनंतर आम्ही तो वाचतो. आपल्या भाषेत वाचणे ही इतकी महाग गोष्ट असू शकते, हे तिथे कळले.

दीडच्या जमातीसाठी आमच्यापैकी पुरुष मंडळी मशिदीत गेली. बाकीच्यांनी लाउंड्स पार्कमधल्या तळ्याकाठी मुलांना बदके दाखवली. नमाजनंतर बाहेर एक वयस्कर गृहस्थ भेटले. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात काठी, उर्दूला पहाडी वळण. आम्ही हिंदुस्थानातून, कोकणातून आलो म्हणताच त्यांनी हात सोडलाच नाही. सगळ्यांना उद्यानातल्या बाकावर नेले आणि थर्मासमधला चहा पाजला.

ते मूळचे मीरपूरचे. १९६० च्या दशकात तिथे मंगला धरण झाले, १९६७ ला पुरे झाले. लाखाहून अधिक माणसे उठली. जुने मीरपूर शहरच पाण्याखाली गेले. त्याच सुमारास ब्रिटनला कारखान्यांसाठी हात हवे होते आणि १९६२ च्या कायद्याने कामाचे परवाने मिळत होते. भाऊ भावाला, गाव गावाला ओढत गेला. ब्रिटनच्या कितीतरी गावांत जो पाकिस्तानी समाज दिसतो, त्यातला मोठा हिस्सा या एका जिल्ह्याचा. "पाच वर्षांसाठी आलो होतो," ते म्हणाले आणि हसले. चेशममध्ये कारखान्यात रात्रपाळी केली. एका खोलीत चौघे झोपत, दोघे दिवसा, दोघे रात्री. धरणाचे पाणी उतरले की जुन्या शहरातला दर्गा आणि मंदिराचा कळस अजून वर येतात, लोक जाऊन फातिहा पढतात, हे सांगताना मात्र ते हसत नव्हते.

आम्ही कोयनेची गोष्ट काढली. कोयनेचे पाणी पोफळीला वीज करून आमच्या वाशिष्ठीत उतरते. त्या पाण्याखाली कुणाची गावे गेली, हे चिपळूणकरांना ठाऊक आहे आणि उठलेल्या माणसांची गाऱ्हाणी अजून संपलेली नाहीत. "म्हणजे तुमच्या नदीतही कुणाचे तरी घर वाहते," गृहस्थ म्हणाले. यावर आम्हाला बोलता आले नाही.

लेकीने मग आपला प्रश्न विचारला. इथे मुले एकटी पडतील का?

"बेटी, एकटी कशाने पडतात ते आधी बघ," असे म्हणून त्यांनी गोऱ्या-काळ्याचे काही सांगितलेच नाही. सांगितले ते शाळेचे. बकिंगहमशायर परगण्यात अजून जुनी पद्धत आहे. सहावीच्या सुरुवातीला, मूल दहा वर्षांचे असताना, परीक्षा होते. १२१ गुण आले तर ग्रामर स्कूल, नाहीतर दुसरी शाळा. सरकारी शाळेतल्या मुलांची नावे आपोआपच घातली जातात. चेशममध्ये स्वतःचे ग्रामर स्कूल आहे, शेजारच्या अमरशममध्ये १६२४ सालचे डॉ. चॅलोनर्स आहे. या शाळांसाठी लंडनचे लोक इथे घरे घेतात, म्हणून घरे महाग. त्यांची एक नात पास झाली, तिच्याच पाठचा नातू चार गुणांनी राहिला. एका घरातून सकाळी दोन गणवेश दोन दिशांना निघत. "मुलगा चांगला आहे, विजेचे काम शिकला, कमावतो. पण दहाव्या वर्षी त्याने स्वतःला नापास म्हटले ते अजून म्हणतो."

जावयाचा चेहरा उतरला. त्याने हे गाव निवडले होते ते या शाळांसाठीच.

नंतर आम्ही गाव पायी फिरलो. हाय स्ट्रीटवर दर चार दुकानांमागे एक धर्मादाय दुकान, मग तुर्की न्हावी, कॉफीचे दुकान, काठी टेकत चालणारी गोरी आजी-आजोबा. उत्तरेच्या चढावर पाँड पार्क ही कौन्सिलने बांधलेल्या घरांची वसाहत आणि दुसऱ्या उतारांवर मोठ्या बागांची घरे. एवढ्याशा गावात हे दोन उतार एकमेकांना फारसे भेटत नसावेत, असा आमचा अंदाज. तरुण मुसलमान चेहरे संध्याकाळकडे जास्त दिसू लागले. त्या देशातल्या मुसलमानांचे मध्यम वय २७ आहे, सगळ्या लोकसंख्येचे ४०. जनगणनेतले हे वाक्य तिथे रस्त्यावर चालताना दिसते. दुकानात माल लावणारी, टॅक्सी चालवणारी, औषधाच्या काउंटरवर उभी असलेली हिजाबातली मुलगी, सगळी पोरेच. आणि त्यांच्याकडून वस्तू घेणारी माणसे बहुतेक साठीच्या पुढची.

ज्या घरासाठी आलो होतो ते बाहेरूनच पाहिले. विटांचे, रांगेतले, तीन झोपायच्या खोल्या, मागे चिंचोळी बाग. नात फाटकातून आत वाकून म्हणाली, "नानी, इथे कोंबडी ठेवू?" शेजारच्या घरातून एक गोरी बाई बाहेर आल्या. घर बघायला आलात का, विचारले. ओल येते, खालच्या बाजूने, विकणारा सांगणार नाही, असे हळू आवाजात सांगून परत आत गेल्या. शेजार कळायला आम्हाला तेवढे पुरले.

परतीच्या गाडीत कुणी फारसे बोलले नाही. बाजारात आम्ही वॉटरक्रेसची एक जुडी घेतली होती. मोहरीसारखी तिखट लागते. रात्री लेकीने ती चिपळुणाहून नेलेला जवळा घालून परतली आणि नातवाने तीनदा मागून घेतली. इशानंतर बिछाने घातले. स्वयंपाकघरात जायची वाट पुन्हा बंद झाली. लेक अंधारात फोन बघत बसली होती. आम्ही विचारले, घराची जाहिरात का? "नाही अम्मी," ती म्हणाली, "दुसऱ्या शाळेत मुलांना विजेचे काम शिकवतात का, ते बघते."